आवाज येतो, बोलणे येत नाही

पन्नाशी ओलांडलेल्या एका खेड्यातल्या डॉक्टरने आपल्या छोट्या गाडीत हौसेने म्युझिक सिस्टिम बसवून घेतली, ही काही या पाक्षिकात छापण्याजोगी बातमी नव्हे, याची मला जाणीव आहे. आमच्या मंद्रूपमध्येही तिचे फारसे कौतुक झाले नाही. उसाच्या हंगामात आमच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर कसे कर्कश गाणी लावून जातात, हे या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या दवाखान्यासमोरच्या कट्ट्यावर बसणारे एक आजोबा मला म्हणाले, "डॉक्टर, डेक तर बसवलात, आता दोन ट्रॉल्या तेवढ्या जोडा." मीही हसलो. तरीही आज त्या सिस्टिमविषयी लिहायला बसलो आहे. कारण तिच्या नादात मला माझ्या वडिलांविषयी एक गोष्ट कळली, आणि ती डॉक्टर म्हणून मला किमान दहा वर्षे आधी कळायला हवी होती.

मंद्रूप हे सोलापूर–विजयपूर महामार्गावरचे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले आमचे गाव. सोलापूर येथून साधारण २५ किलोमीटर. आमच्या आप्पांचे वय आता ८३ आहे. वार्धक्यामुळे त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग, ज्याला मॅक्युला म्हणतात, तो झिजत चालला आहे. त्यातल्या एका डोळ्यात ठरावीक अंतराने इंजेक्शन घ्यावे लागते. त्यासाठी महिन्यातून एकदा आम्ही दोघे गाडीने सोलापूरला जातो. जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास. महिनाभरात बापलेकांना निवांतपणे मिळणारा वेळ म्हणाल, तर एवढाच.

या वेळात आप्पा बोलत नसत. घरी ते माणसांत बसत, विचारलेल्याला उत्तर देत, नातवंडांची चौकशी करत. गाडीत बसले की मात्र डावीकडच्या काचेबाहेर तोंड करून गप्प. मी काही विचारले तर 'हूं' म्हणत, नाहीतर मान हलवत. इंजेक्शनाची धास्ती असेल, असे मला आधी वाटले. पुढे मला तो रुसवा वाटू लागला. गावातली जमीन विकण्यावरून आमचे थोडे वाजले होते, त्याचा राग असावा. त्यानंतर मी त्याला वय असे नाव दिले. 'वय झाले' हे निदान आम्हा डॉक्टरांना फार सोयीचे पडते; त्याला तपासणी लागत नाही आणि त्यावर औषधही द्यावे लागत नाही.

गप्प बसलेल्या माणसाशेजारी गाडी चालवणे कठीण असते. त्यातून जुनी हौस उफाळून आली. वैद्यकीय महाविद्यालयात असताना वसतिगृहाच्या खोलीत मी सुटे भाग आणून ॲम्प्लिफायर जोडला होता आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात स्पीकर बसवून कॅसेट ऐकल्या होत्या. पुढे संसार, दवाखाना, मुलांची शिक्षणे यांत ते सारे माळ्यावर गेले. मुले बाहेरगावी स्थिरावल्यावर ते पुन्हा खाली उतरले, एवढेच.

लहान गाडीत चांगला आवाज मिळवणे हे दिसते त्याहून अवघड काम आहे, हे मला तेव्हा कळले. दार म्हणजे मुळात पत्र्याचा पोकळ डबा. त्यात स्पीकर वाजला की पत्राही त्याच्याबरोबर थरथरतो आणि आवाज गढूळ होतो. म्हणून आतून पत्र्याला ब्यूटाइल रबराची जड डॅम्पिंग शीट चिकटवावी लागते. गाडीबरोबर आलेले स्पीकर दारात खाली, गुडघ्याच्या पातळीला असतात. त्यामुळे आवाजातला तीक्ष्ण, बारीक भाग कानापर्यंत पोचण्याआधीच पायांत आणि गादीत जिरतो. त्या भागासाठी ट्वीटर वर, डॅशबोर्डवर बसवायचे. समोरच्या काचेच्या कडेच्या खांबात मात्र बसवू नयेत. पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असलेल्या गाड्यांत ती तिथूनच सुटते. ॲम्प्लिफायरची तार थेट बॅटरीवरून आणायची आणि बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज घालायचा. तो नसेल आणि पुढे कुठे तार घासून उघडी पडली, तर तार तापून गाडी पेटू शकते. तार घेताना ती निखळ तांब्याची आहे ना, हे पाहावे. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनिअम, असा मालही बाजारात मिळतो. एवढे सारे शिकून, सीटखाली बसणारा एक सबवूफर घेऊन, मी एकूण २८,००० रुपये खर्च केले. सौभाग्यवतींना यातला थोडाच आकडा सांगितला होता. बाकीचा त्यांना या लेखातून कळेल.

सोलापुरात ज्या तरुण कारागिराने हे काम केले, तो पंचविशीतला, कमी बोलणारा मुलगा होता. सगळे बसवून झाल्यावर लॅपटॉप उघडून त्याने मला विचारले, "साहेब, ट्यून कुठल्या सीटला करू?"

प्रश्न मला समजलाच नाही. त्याने समजावून सांगितले. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे एक मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद. चालकाला उजव्या दारातला स्पीकर जवळ आणि डाव्या दारातला दूर असतो. म्हणून जवळच्या स्पीकरचा आवाज मुद्दाम किंचित थांबवून सोडतात आणि मग दोन्हींकडचे सूर चालकाच्या कानी एकाच वेळी पोचतात. ही जुळवणी एका वेळी एकाच सीटसाठी करता येते. ज्याच्यासाठी केली त्याला गायक समोर उभा राहून गातो आहे असे वाटते. शेजारच्याच्या वाट्याला उरलेसुरले येते.

मी म्हणालो, "गाडी माझी, चालवणारा मी. मग माझ्याच सीटला कर."

त्याने केले. मग मी बसून ट्रेबल चढवायला लावला, आणखी चढवायला लावला. मुलगा जरा चेहरा आखडून म्हणाला, "साहेब, टोचत नाही का?" मला टोचत नव्हते. हे वाक्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

पुढच्या फेरीला मी मोठ्या उत्साहाने आप्पांच्या आवडीचे भजन लावले. सबवूफरने पखवाज असा काही उचलला, की सीट थरथरली. आप्पांनी हात दाराकडे नेला. त्यांना वाटले, चाक पंक्चर झाले. मग ते म्हणाले, "गाणं वाजलालंय की, बोल काय कळंना." मी आवाज वाढवला. त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "ओरडू नको की रे!" म्हणाले आणि काचेकडे वळले. ऐकू येत नाही म्हणणारा माणूस आवाज वाढवताच मोठा झाला म्हणून तक्रार करतो, याचा मला चक्क राग आला. या दोन तक्रारी एकत्र आल्या की त्याचा अर्थ काय होतो, ते आम्हाला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी शिकवले होते.

त्याच दिवशी परतताना, वडकबाळचा पूल ओलांडल्यावर, गाणे चालू असतानाच मी त्यांना म्हणालो, "आप्पा, जेवण कमी झालंय तुमचं. उद्यापासून साखरेची गोळी अर्धी घ्या." त्यांनी मान हलवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास घरून फोन आला. आप्पांना दरदरून घाम सुटला होता, हात कापत होते, काहीतरी असंबद्ध बोलत होते. दवाखान्यातली रुग्णांची रांग तशीच सोडून मी घरी पळालो. रक्तातली साखर ५४ होती. ते गिळू शकत होते, म्हणून साखरपाणी दिले, मग वरणभात भरवला. या प्रकारच्या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, म्हणून संध्याकाळपर्यंत दर तासाला साखर तपासत बसलो. दुपारी जरा सावरल्यावर विचारले, "आप्पा, मी गोळी अर्धी घ्यायला सांगितली होती ना?"

"आधी म्हणालास की तू," ते म्हणाले. "जेवणाआधी घे म्हणालास. म्हणून जेवणाच्या आधी अर्धा तास घेतलो."

अर्धी आणि आधी. पूर्ण गोळी, ती रिकाम्या पोटी, आणि वर कमी जेवण. सांगणारा डॉक्टर, तोही पोटचा मुलगा. गोळीचे पाकीट हातात धरून मी बराच वेळ तसाच बसलो.

त्या संध्याकाळी वीज गेली. अंधारात मी विचारले, "आप्पा, आता बरं वाटतंय का?" उत्तर नाही. पुन्हा विचारले. "कोण आलंय?" ते म्हणाले. मी मोबाइलची बत्ती लावली. तिचा उजेड माझ्या तोंडावर पडला आणि तिसऱ्यांदा तेच, त्याच आवाजात विचारले. आप्पांनी लगेच उत्तर दिले, "बरं हाय आता."

माझे वडील डोळ्यांनी ऐकत होते.

आप्पा तरुणपणी सोलापुरातल्या एका कापड गिरणीत होते. १९६२ साली लागले आणि गिरणी बंद पडेपर्यंत, जवळपास तीस वर्षे, साळखात्यात साचे चालवले. त्या रात्री मी त्यांना पहिल्यांदा विचारले, की तिथे तुम्ही एकमेकांशी बोलत कसे होता. त्यांना प्रश्नच गमतीदार वाटला. "तिथं कोण ऐकतंय? तोंडाकडं बघायचं." शेकडो साचे एका छताखाली चालत असताना कानाशी ओरडूनही काही पोचत नसे, म्हणून सारे विणकर ओठ वाचायला शिकत. गिरण्यांच्या साळखात्यांत ९० ते १०० डेसिबलपर्यंत आवाज असणे नवलाचे नसे. ८५ डेसिबलच्या पुढे रोज आठ तास राहिले की कानाला धोका सुरू होतो, आणि दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो, असा हिशेब आज धरतात. गिरणीने आप्पांचे कान नेले आणि त्या बदल्यात ओठ वाचण्याची विद्या दिली. ती विद्या इतकी सफाईदार होती, की आम्हा घरच्यांना कान गेल्याचा पत्ताच लागला नाही.

आता गाडीतला मौनाचा उलगडा आपणही केला असेल. गाडीत मी रस्त्याकडे पाहून बोलतो. माझे ओठ त्यांना दिसत नाहीत. वर टायर, इंजिन आणि पंख्याचा घुमणारा आवाज. माझ्या मोबाइलवर मोजला तर तो महामार्गावर ७० डेसिबलच्या आसपास भरला. मोबाइलचे मोजमाप काटेकोर नसते, पण साधे बोलणे ६०च्या घरात असते, हे लक्षात घेतले तर पुरे. आणि याहून कठीण गोष्ट अशी, की मॅक्युला झिजल्यावर नजरेच्या कडा शाबूत राहतात आणि मधलेच पुसट होते. ज्याच्याकडे पाहावे त्याचा चेहराच विरून जातो. आप्पांचा डोळा बिघडत होता म्हणजे त्यांचा दुसरा कान बिघडत होता. मी दर महिन्याला त्यांना डोळ्यांसाठी नेत होतो आणि शेजारी बसलेल्या त्या कानांकडे माझे लक्ष नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी घरीच त्यांच्या कानात पाहिले. उजव्या कानात मळाचा बोळा होता. तो मऊ करून काढला. थोडा फरक पडला, पण थोडाच. मग सोलापुरात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेऊन श्रवणचाचणी करवली. ही चाचणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही होते. सुई नाही, वेदना नाही, बंद खोलीत हेडफोन लावून बारीक सूर ऐकायचे आणि ऐकू आला की बटण दाबायचे, एवढेच. निकालाचा आलेख पाहिला तर डाव्या टोकाला, जाड सुरांच्या बाजूला, रेघ जवळजवळ ठीक. २,००० हर्ट्झला ५५ डेसिबलवर उतरलेली आणि ४,००० ला थेट ७५ वर.

हा आलेख आपल्या भाषेत सांगतो. मराठी बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, हे जाड आणि जोरकस असतात; त्यांतून आवाज येतो. स, श, त, थ, क, फ ही व्यंजने बारीक आणि दुबळी असतात. त्यांतून अर्थ येतो. साप, ताप, काप, थाप या चार शब्दांतला 'आ' सारखाच आहे. फरक पहिल्या व्यंजनाचा. वार्धक्याने आणि गोंगाटाने कान जातो तो आधी बारीक सुरांचा. म्हणून अशी माणसे 'ऐकू येत नाही' असे म्हणत नाहीत. ती म्हणतात, 'आवाज येतो, बोलणे येत नाही', किंवा 'हल्ली सगळे पुटपुटतात'. आपल्या घरात कोणी असे म्हणू लागले असेल, तर ती तक्रार स्वभावाची समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठीपुढच्या दर चार माणसांत एकाहून अधिकांचा बहिरेपणा दैनंदिन व्यवहारात अडथळा आणण्याइतका असतो.

आप्पांनी कानांवर हात का ठेवले, तेही याच आलेखाने सांगितले. अंतर्कर्णातल्या पेशी मेल्या की हळू आवाज पोचतच नाही. पण मोठा आवाज मात्र एकदम अंगावर येतो. ऐकू येणे आणि असह्य होणे यांमधली पट्टी अरुंद होते. त्या पट्टीत बोलणे बसवायचे, तर आवाज मोठा करून भागत नाही. तो नेमका आणि जवळचा करावा लागतो.

आलेख घेऊन मी त्या कारागिराकडे पुन्हा गेलो. त्याच्या लॅपटॉपवर इक्वलायझर उघडा होता. २५०, ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,००० हर्ट्झ. आप्पांच्या कागदावरही हेच आकडे होते. दोन्ही कागद एकाच मापाने बोलत होते. मुलगा कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, "हे आजोबांचं ट्यूनिंग आहे की." मग म्हणाला, "आता डाव्या सीटला करायचं ना?"

सबवूफर काढला. जाड आवाज बारीक आवाजाला झाकून टाकतो, म्हणून बोलण्यासाठी तो अडसरच होता. डॅम्पिंग शीट दारांपुरती होती, ती आता पायाखालच्या जमिनीला आणि मागच्या चाकांवरच्या पत्र्यालाही लावली. टायरचा आवाज पुष्कळच दबला. आलेखावर जेवढी तूट दिसते तेवढी भर घालावी, असे मला वाटले होते. तसे केल्यावर आप्पा म्हणाले, "सुरी घासल्यावानी वाटतंय." श्रवणतज्ज्ञांनी समजावले, की भरपाई साधारण निम्मीच द्यायची आणि कानाला सवय होईल तशी वाढवायची. तसे केले.

खरा फरक पडला तो स्पीकरची जागा बदलल्यावर. अंतर निम्मे झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो; ॲम्प्लिफायरवर एक रुपयाही न खर्चता. सीट कव्हर शिवणाऱ्याकडून डाव्या हेडरेस्टच्या दोन्ही बाजूंना मऊ फोमचे कप्पे शिवून घेतले आणि त्यांत तीन इंची दोन हलके स्पीकर बसवले. हेडरेस्ट काढला नाही; तो अपघातात मानेचे रक्षण करतो. आप्पांना पेसमेकर नाही. ज्यांना आहे, त्यांनी स्पीकरसारखे चुंबक असलेले काही छातीपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावे आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच असले काही करावे.

भजनाचे शब्द कळू लागले. पण मला बोलायचे होते. म्हणून माझ्या कॉलरला छोटा माइक लावून त्याची तार ॲम्प्लिफायरमध्ये नेली. आधी बिनतारी माइक आणला होता. त्यात ब्लूटूथमुळे आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने किंवा त्याहूनही उशिरा पोचे. त्यामुळे आप्पांना मी दोनदा बोलतो आहे असे वाटे. तारेच्या माइकची पहिली चाचणी झाली तेव्हा गाडीभर अशी शिट्टी घुमली, की शेजारच्या दुकानातली माणसे बाहेर आली. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून फिरत राहिला की असे होते. माइक ओठांच्या जवळ घेतला, स्पीकरचा आवाज कमी केला, शिट्टी थांबली. माइक लावून, काचा चढवून, पंखा एकवर ठेवून, गाणे पूर्ण बंद करून मी गाडी हलवली.

या सगळ्याने बहिरेपणा बरा होतो, असा कृपया कोणी समज करून घेऊ नये. गाडी म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. खरे उत्तर श्रवणयंत्रच, तेही चाचणी करून, दोन्ही कानांसाठी नीट जुळवून घेतलेले. जाहिरात पाहून टपालाने मागवलेले आवाज वाढवणारे यंत्र सगळेच सूर सरसकट वाढवते. माझ्या सबवूफरची चूक ते कानात बसून करते. आप्पा यंत्राला तीन महिने नाही म्हणत होते. 'म्हातारा दिसेन' हे त्यांचे कारण. ८३व्या वर्षी. शेवटी गाडीनेच त्यांना राजी केले: गाडीत कळते ते घरात का कळत नाही, असे ते स्वतःच म्हणू लागले, तेव्हा मी यंत्राचा विषय पुन्हा काढला. आता सकाळी चहाबरोबर ते यंत्र लावतात. दुपारी कंटाळून काढून ठेवतात. त्यावर आमचा अजून वाद चालू आहे. मध्यमवयातला दुर्लक्षित बहिरेपणा हा पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक आहे, असे लॅन्सेट आयोगाने २०१७पासून सांगितले आहे. तेव्हा वाद घालण्याजोगा विषय आहे.

सेवा करणाऱ्या माझ्या वाचक भगिनी-बंधूंना दोन-तीन गोष्टी डॉक्टर म्हणून सांगतो. औषधाची सूचना चालता-चालता, पाठमोरे राहून, दूरदर्शन चालू असताना देऊ नका. समोर बसा, उजेड आपल्या तोंडावर पडू द्या, आणि सांगून झाल्यावर 'कळले का?' असे विचारू नका. त्याला मान हलतेच. 'आता गोळी कशी घ्यायची, मला सांगा बरं,' असे विचारा. शब्द कळला नाही तर तोच शब्द ओरडून पुन्हा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा. मी 'अर्धी'ऐवजी 'गोळीचे दोन तुकडे करून एकच घ्या' म्हणालो असतो, तर ती सकाळ वेगळी गेली असती. कानात तेल ओतू नका, काडी घालू नका. आणि एक गोष्ट अगदी ध्यानात ठेवा: एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून आठवडाभर वाट पाहू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांकडे जा. त्या विकारात लवकर सुरू केलेल्या उपचारांनीच ऐकू येणे परत मिळण्याची आशा असते.

आता त्या टोचण्याविषयी. आप्पांच्या दुसऱ्या चाचणीच्या वेळी श्रवणतज्ज्ञ बाई मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीही आत बसा ना एकदा." मी हसत बसलो. बाहेर आलो तेव्हा माझ्या आलेखात ४,००० हर्ट्झला खड्डा होता, ४५ डेसिबल खोल. गोंगाटाने कान जायला लागला की पहिला खड्डा तिथेच पडतो. वसतिगृहातले हेडफोन म्हणावेत, की गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत भिंतींसारख्या स्पीकरांपुढे प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभ्या राहिलेल्या माझ्या कित्येक रात्री, कुणास ठाऊक. पण त्या मुलाला टोचणारा ट्रेबल मला का टोचत नव्हता, ते कळले. मी गाडी माझ्या बहिरेपणाला जुळवून घेतली होती आणि तिला उत्तम आवाज म्हणत होतो.

आप्पांनी माझा कागद मागून घेतला, डोळ्यांच्या कडेने, मान तिरकी करून पाहिला. "तुझं किती?" म्हणाले. मी सांगितले. "मग काय, अजून वीस वर्षं हाय तुला," असे म्हणून त्यांनी तो घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

गेल्या महिन्याच्या फेरीला आम्ही मंद्रूपहून निघालो. मी कॉलरला माइक लावला होता. आप्पा साळखात्यातल्या एका जोडीदाराची गोष्ट सांगत होते. तो ओठ न हलवता शिव्या द्यायला शिकला होता, म्हणून जॉबरला कधी सापडला नाही. मी हसत होतो. मध्येच ते थांबले.

"टायरचा आवाज बदलला," म्हणाले. "वडकबाळचा पूल आला काय?"

"आला."

"पाणी हाय का सीनेला?"

मी काचेतून खाली पाहिले आणि सांगू लागलो.